सावलीतील चारा : वनातील हरणांसाठी वनस्पतींची निवड

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात मध्य भारतातील सागाच्या वनात उभे राहिल्यास सावली अशी जवळजवळ नसतेच. फांद्या उघड्या पडलेल्या असतात, ऊन थेट जमिनीपर्यंत उतरते आणि पायाखाली वाळलेल्या पानांचा थर चुरचुरत असतो. त्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये गेल्यास दृश्य पार पालटलेले दिसते. सागाच्या रुंद पानांनी डोक्यावरचे छत्र मिटलेले असते, जमीन ओलीचिंब असते आणि भर दुपारीही खाली अंधूक हिरवा उजेड पसरलेला असतो. पहिल्या वेळी झाडाझुडपांना ऊन आहे, पण पाणी नाही. दुसऱ्या वेळी पाणी आहे, पण ऊन नाही. वनातील सावलीच्या जागी हरणांसाठी चारा वाढविण्याचा विचार करणाऱ्याने सर्वांत आधी ही अडचण ध्यानात घेतली पाहिजे. वनस्पतींची निवड तिच्यावरच अवलंबून आहे.

हरणांसाठी मुद्दाम चाऱ्याचे तुकडे पेरण्याची प्रथा मुख्यतः उत्तर अमेरिकेतील आहे. तेथे पूर्वेकडील राज्यांत पांढऱ्या शेपटीचे हरिण विपुल आढळते, आणि शिकारी व जमीनमालक त्याच्यासाठी आपल्या रानात लहानलहान शेते राखतात. ओक, मेपल अशा वृक्षांच्या सावलीत काय पेरावे, याचे उत्तर त्यांच्यापुरते बरेचसे ठरून गेलेले आहे. पांढरे क्लोव्हर, चिकोरी, ओट आणि राय ही पिके तेथे थोड्याफार सावलीत तग धरतात. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात पेरणी होते, ऑक्टोबरात पाने गळू लागतात, राय थंडीतही हिरवी राहते. आणि क्लोव्हर पुढील वसंतात, वृक्षांना नवी पाने फुटण्यापूर्वी जे काही आठवडे मिळतात त्यांच्या उन्हात भराभर वाढून घेते. ओकखालची जमीन बहुधा आम्ल असते म्हणून तिच्यात चुना मिसळावा लागतो. गळालेल्या पानांखाली क्लोव्हरची इवली रोपे गुदमरतात म्हणून पाने ओढून काढावी लागतात. एवढे केले आणि दिवसाकाठी चार-सहा तास ऊन मिळाले, की पीक साधते.

ते का साधते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्या प्रदेशात पाऊस किंवा बर्फ बाराही महिने थोडाबहुत पडतो. झाडे निष्पर्ण होतात ती थंडीमुळे, पाण्याच्या टंचाईमुळे नव्हे. म्हणून वृक्ष उघडे असतात त्या काळात जमीन ओली असते, आणि ऊन व ओल यांचा काही आठवड्यांचा संगम होतो. सावलीतील क्लोव्हर जगते ते या संगमावर. आपल्या पानझडी वनांत पानगळ पाण्याच्या अभावी होते; तेथे असा संगम होतच नाही. जून-जुलैत पाऊस येतो त्याच्या मागोमाग छत्र मिटते, आणि छत्र उघडते तेव्हा जमिनीचा वरचा हातभर थर कोरडा ठणठणीत झालेला असतो. परदेशी पुस्तकातील पेरणीचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून आणल्यास ते फसते याचे कारण बियाण्याच्या दर्जात शोधण्यात अर्थ नाही. भारतातच याला अपवाद आहे तो हिमालयाच्या थंड भागाचा. श्रीनगरजवळच्या दाचीगाममध्ये, जेथे काश्मीरचे हांगूळ राहतात, तेथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून जमीन ओली असते आणि झाडे अजून पानांनी भरलेली नसतात. तेथे अमेरिकेतील तर्क पुष्कळसा लागू पडतो. परंतु भारतातील बहुसंख्य हरणे ज्या साल, साग आणि मिश्र पानझडी वनांत राहतात, त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो.

उद्देशही येथे वेगळा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीसाठी चारा पेरण्याला काही अर्थ उरलेला नाही. येथे चारा हवा तो दोन कारणांसाठी. एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात; वनात हरणे नसतील तर वाघ गावच्या गुरांकडे वळतो. दुसरे असे, की वनात चारा नसेल तर हरणे शेतात उतरतात. वनाच्या कडेला हरभरा किंवा तूर पेरणाऱ्या शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अर्थात राष्ट्रीय उद्यानात वा अभयारण्यात असे कोणतेही काम मान्य व्यवस्थापन आराखड्याप्रमाणे वनविभागच करू शकतो. पुढील माहिती त्यांच्या जोडीला मृगोद्याने, प्राणिसंग्रहालये आणि खाजगी वनजमिनी यांनाही उपयोगी पडेल.

वनस्पती निवडण्यापूर्वी जागेवरील उजेड मोजावा. दाट वनात जमिनीपर्यंत पोहोचणारा प्रकाश उघड्या आकाशाखालील प्रकाशाच्या शेकडा एक-दोन भागांइतकाच असू शकतो, आणि आपल्या डोळ्याला ते कळत नाही. बुबुळ अंधाराशी जुळवून घेते आणि जागा आहे त्याहून उजळ भासते. साधा उपाय असा आहे. वीस मीटर लांबीच्या दोरीला दर मीटरला एक गाठ मारावी. पाऊस सरल्यावर, पण पाने अजून भरगच्च असताना, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबराच्या आरंभी, एखाद्या निरभ्र दिवशी ती दोरी जमिनीवर ताणून किती गाठींवर ऊन पडले आहे ते मोजावे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन अशा तीन वेळा, दोरी पाच ठिकाणी ताणून मोजल्यास प्रत्येक वेळी शंभर गाठींचा हिशेब हाती येतो. शंभरांतील दहाहून कमी गाठी उन्हात असतील, तर तेथे काहीही पेरू नये. दहा ते चाळीस असतील तर झुडपे, वेली आणि सावली सोसणारी मोजकी गवते यांचा विचार करावा. त्याहून अधिक असतील तर ती जागा सावलीची म्हणण्यापेक्षा वनातील मोकळी जागा म्हणणेच रास्त. हे आकडे ढोबळ आहेत, पण नजरेच्या अंदाजापेक्षा भरवशाचे आहेत.

उजेडाइतकीच मुळांची स्पर्धाही महत्त्वाची असते. सावलीतील रोप मेले की आपण सावलीला दोष देतो. परंतु एखाद्या तुकड्याभोवती चर खणून वृक्षांची मुळे तोडली, आणि सावली मात्र आहे तशीच ठेवली, तरी आतील रोपे जोमाने वाढू लागतात, असे वनशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे सावलीच्या माथी मारलेल्या अपयशाचा बराच भाग तहानेचा असतो. मोठ्या वृक्षाच्या बुंध्यालगत काही लावू नये, हा जुन्या माळ्यांचा नियम यामुळेच बरोबर ठरतो.

आता खाणाऱ्याचा विचार करू. मराठीत आपण काळविटालाही हरिण म्हणतो आणि चितळालाही. परंतु काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय हे कुरंग असून त्यांचे कुल गाईबैलांचे आहे. खरी हरणे, म्हणजे दरवर्षी शिंगे गाळणारी, ती चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा, पाडा, हांगूळ आणि मणिपूरचा संगाई. त्यांचा आहार एकसारखा नाही. भेकर लहानखुरे असते, त्याचे पोटही लहान. ते मऊ पाने, फुले आणि गळालेली फळे वेचून खाते, राठ गवत त्याला मानवत नाही. सांबर मोठे आणि धट्टेकट्टे. पाला, डहाळ्या, गवत, प्रसंगी सालसुद्धा त्याला चालते. चितळ दोहोंच्या मधले आहे. पावसाळ्यात कोवळे गवत असते तोवर ते गवतावर राहते. गवत वाळले की झुडपांकडे आणि झाडाखाली पडलेल्या वस्तूंकडे वळते. बारशिंगा मात्र जवळजवळ संपूर्णपणे गवतावर जगतो.

हा भेद न ओळखल्यास काय होते, आणि ओळखल्यास काय साधते, हे कान्हाच्या बारशिंग्याच्या हकिकतीवरून कळते. मध्य भारतातील बारशिंगा हा तराईतील आपल्या भाऊबंदांप्रमाणे दलदलीत न राहता कठीण जमिनीवरील गवताळ मैदानांत राहणारा आहे. एके काळी त्याची संख्या हजारांत होती. 1970 मध्ये कान्हात केवळ 66 उरले, आणि या उपजातीला कान्हाबाहेर दुसरे घर उरलेले नव्हते. वन शाबूत होते, साल वृक्षांची घनदाट सावली शाबूत होती; पण गवताळ मैदाने गुरांच्या चराईने आणि वारंवार लागणाऱ्या वणव्यांनी खुरटली होती. पाडसांना लपायला उंच गवतच राहिले नव्हते. अशा प्राण्यासाठी सावलीत कितीही उत्तम झुडपे लावली असती तरी व्यर्थ गेले असते. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने 1963 ते 1965 या काळात कान्हात राहून अभ्यास केला आणि 1967 मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. हरणांच्या आहाराकडे आणि मैदानांच्या दुरवस्थेकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले. पुढे उद्यानातील गावे बाहेर हलविण्यात आली, सोंफसारख्या ठिकाणी जुन्या शेतांवर उंच गवत उठले, वणव्यांना आळा बसला, काही जनावरे कुंपणात सुरक्षित ठेवून वाढविण्यात आली. पन्नास वर्षांत ही संख्या आठशेच्या आसपास पोहोचली. गावे हलविण्याची किंमत तेथील बैगा आणि गोंड कुटुंबांनी मोजली, हेही येथे नमूद केले पाहिजे. बारशिंग्यासाठी उघडे मैदान हवे; सावलीतील चाऱ्याचा प्रश्न चितळ, सांबर आणि भेकर यांच्यापुरता आहे.

या तिघांना खरी ओढ लागते ती उन्हाळ्यात. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातील सूक्ष्मजीवांना काम करता यावे यासाठी चाऱ्यात शेकडा सहा-सात भाग तरी प्रथिन असावे लागते. उन्हाळ्यातील वाळलेल्या गवतात ते तीन-चारांवर येते. म्हणजे पोट भरलेले असूनही जनावर उपाशी राहते. मध्य भारतात चितळाची बहुतेक पाडसे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतच्या महिन्यांत जन्मतात, त्यामुळे माद्या नेमक्या याच काळात दूध पाजत असतात. एप्रिल ते जूनचा मध्य या अडीच महिन्यांत काय मिळेल, हाच निवडीचा निकष धरला पाहिजे. पावसाळ्यात हिरवे राहणारे पीक कितीही लुसलुशीत असले तरी हरणांची नड त्याने भागत नाही, कारण त्या दिवसांत सगळेच रान हिरवे असते.

येथे आरंभी मांडलेल्या अडचणीचे उत्तर सापडते. उन्हाळ्यातील ऊन आणि पावसाळ्यातील पाणी यांचा मेळ वनस्पतीला स्वतःच्या शरीरात घालता आला पाहिजे. एक वर्ष जगणाऱ्या पिकाला किंवा उथळ मुळांच्या गवताला ते जमत नाही. झाडे, झुडपे आणि काष्ठमय वेली यांना जमते, कारण त्यांची मुळे खोलवरच्या ओलीपर्यंत पोहोचतात आणि खोडामुळांत गेल्या पावसाळ्यातील अन्नाचा साठा असतो. आपल्या पानझडी वनांतील पुष्कळ वृक्षांना मार्च ते मे या काळात, पावसाची वाट न पाहता, नवी पालवी फुटते. कुसुमाची तांबडी पालवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. या पालवीत प्रथिन भरपूर आणि पाणीही पुष्कळ असते. शिवाय अर्धवट सावलीतील पान उन्हातील पानापेक्षा पातळ व मऊ असून सामान्यतः त्यात तुरट द्रव्य कमी असते. सावली येथे काही अंशी उपकारकच ठरते.

म्हणून विरळ सावलीच्या जागेसाठी पहिली पसंती स्थानिक पालेदार झाडाझुडपांना द्यावी. धामण, आपटा, तिवस, वारंग आणि मुरुडशेंग ही मध्य भारतात व दख्खनात सहज मिळणारी नावे. यांतील धामण, आपटा आणि तिवस यांचा पाला गुरांनाही घातला जातो, आणि खेड्यातील गुराखी जे ओरबाडून नेतो ते हरणालाही बहुधा आवडते. रोपे निवडताना त्याच्या अनुभवाचा लाभ जरूर घ्यावा. ही झाडे छाटल्यावर पुन्हा चांगली फुटतात. ती उंच वाढू दिली तर पाला हरणांच्या तोंडापलीकडे जातो. चितळ चारही पायांवर उभे असताना दीड मीटरच्या वर क्वचितच पोहोचते, मागच्या पायांवर उभे राहिले तर थोडे अधिक. जेथे हरणे फार झाली आहेत तेथे या उंचीखालचा सगळा पाला खरवडल्यासारखा नाहीसा झालेला दिसतो. तेव्हा दरवर्षी एक-तृतीयांश झुडपे जानेवारी-फेब्रुवारीत गुडघाभर उंचीवर छाटावीत. त्यांना उन्हाळ्यात फुटणारे धुमारे हरणांच्या तोंडाशी येतात. उरलेली दोन-तृतीयांश आळीपाळीने विश्रांती घेतात. सगळी एकाच वर्षी छाटण्याचा मोह आवरावा. सतत खुडले गेलेले झुडूप मुळांतील साठा संपून मरते.

बांबूचे स्थान यांच्यात वेगळे आहे. तो गवताच्या कुलातील असूनही मध्यम सावली सोसतो. उष्ण प्रदेशातील बहुतेक मैदानी गवते प्रखर उन्हात काम करण्यासाठी घडलेली असतात. त्यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत मक्याची किंवा उसाची. बांबूची रीत भाताची वा गव्हाची, आणि मंद प्रकाशात ती कमी खर्चाची पडते. मानवेल, म्हणजे मध्य भारतातील भरीव कळकाचा बांबू, याची पाने सांबर आणि चितळ दोघेही खातात, आणि बेटांचा आडोसा लपण्यास उपयोगी पडतो. त्याचा एकच धोका आहे. काही दशकांनी एखाद्या प्रदेशातील बांबू एकदम फुलतो आणि मरतो, व त्यानंतरची काही वर्षे तेथे नुसती कोवळी रोपे असतात. केवळ बांबूवर विसंबू नये.

आतापर्यंत जिवंत पाल्याचा विचार झाला. परंतु दाट सावलीत, जेथे दोरीवरच्या पाच गाठीही उन्हात नसतात, तेथे हरणांना सर्वांत मोठा पुरवठा वरून होतो. उन्हाळ्यात हरणांना खाऊ घालणारे शेत त्यांच्या डोक्यावर असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावरीची मांसल फुले आणि पळसाचा तांबडा सडा; मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले; त्यानंतर शिवणीची पिवळी फळे; उंबराचे बहर वर्षातून अनेकदा, त्यांत ऐन उन्हाळ्यातही; पाऊस येता येता जांभूळ; हिवाळ्यात आवळा, बेहडा आणि बोर. चितळ, सांबर व भेकर यांतील पुष्कळसे खातात. आवळ्यासारख्या फळांच्या बिया ती रवंथ करताना तोंडावाटे टाकून देतात, आणि विसाव्याच्या जागी नवी रोपे उगवतात. वानरांचा हातभार यात मोठा आहे. वानर हा उधळ्या प्राणी. फांदी मोडतो, दोन घास खातो आणि उरलेली खाली टाकतो. वानरांच्या टोळीखाली चितळांचा कळप चरताना दिसतो तो या उधळपट्टीसाठी, आणि वर बसलेला टेहळ्याही आयता मिळतो. म्हणून जेथे वानरांचा वावर आहे तेथे लावलेले एक उंबराचे झाड दुप्पट मोलाचे समजावे.

वृक्ष निवडताना आपण एकेक जात उत्तम की मध्यम असे न पाहता महिन्यांची साखळी पाहावी. डिसेंबरपासून जूनपर्यंत प्रत्येक महिन्यात निदान दोन जातींचे काहीतरी जमिनीवर पडले पाहिजे. एखादे वर्ष मोह फुलतच नाही, एखादे वर्ष आवळा कमी येतो. दोन जाती असल्या तर पोकळी पडत नाही. आधीपासून उभी असलेली झाडे प्रथम मोजावीत आणि साखळीत जो दुवा कमी असेल तेवढाच लावावा. पुष्कळदा असे दिसते की नवे काही लावण्याची गरजच नसते. जवळच्या दोन निरुपयोगी झाडांनी दाबून टाकलेल्या उंबराला मोकळे केले, की दोन-तीन वर्षांत तो भरभरून फळू लागतो. रोप लावून फळ येण्यास लागणारी वर्षे लक्षात घेता हा मार्ग स्वस्त आहे आणि लवकर फलदायी होतो.

येथे एक विवेक आवश्यक आहे. मोहाची फुले, आवळे आणि तेंदूपाने ही वनवासी लोकांच्या उत्पन्नाची साधने आहेत, आणि 2006 च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावरील त्यांचा हक्क मान्य केलेला आहे. गावाजवळच्या मोहाखाली हरणांसाठी राखीव जागा करू म्हणणे अन्यायाचे आहे, आणि ते यशस्वीही होणार नाही. फुले वेचणे सोपे जावे म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्यातून वणवे पसरतात आणि आपण जपलेली झुडपे जळून जातात. ज्या फळांना बाजार नाही किंवा थोडका आहे, अशी उंबर, काकड, शिवण ही झाडे हरणांच्या वाट्याला ठेवावीत, आणि मोहाच्या बाबतीत गावकऱ्यांशी बोलून पाचोळा न जाळता झाडून काढण्याची तजवीज करावी.

गवतांविषयी थोडक्यात. हरळी सावलीत पिवळी पडून विरळ होते; मारवेल आणि कुसळीही उन्हाचीच. विरळ सावलीत गिनी गवत बरे येते. केरळात नारळाच्या बागांत ते लावतात, आणि वृक्षांखालील चाऱ्याचा अभ्यास झाशीच्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेत 1962 पासून होत आला आहे. कापून घालावयाच्या मृगोद्यानात गिनी गवत वापरावे. परंतु ते आफ्रिकेतील आहे, उंच वाढते आणि पसरते. नैसर्गिक वनात त्याला प्रवेश देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टाळावयाच्या वनस्पतींबद्दल अधिक सांगावे लागेल, कारण निवडीतील चुका येथेच महाग पडतात. सुबाभूळ भराभर वाढते व तिच्या पाल्यात प्रथिन पुष्कळ आहे म्हणून तिची शिफारस होते. पण तिच्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते. ज्यांच्या पोटात ते पचविणारे सूक्ष्मजीव नाहीत अशा जनावरांचे त्याने केस गळतात आणि प्रकृती ढासळते. शिवाय तिचे बी सुटले की आवरत नाही. घाणेरी, जिला टणटणी असेही म्हणतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि आज देशभरातील वनांत पसरली आहे. तिच्या पानांतील विषाने गुरांचे यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलवटते. हरणे तिला टाळतात. पण ती ज्या जागी माजते तेथे त्यांनी खाण्याजोगे दुसरे काही उगवत नाही, हे खरे नुकसान. आपण उजेडासाठी झाडे विरळ केली की पहिली येते ती घाणेरी किंवा रानमोडी. म्हणून छत्र उघडण्यापूर्वी आसपासची घाणेरी मुळासकट उपटून उलटी टाकावी, आणि उघडलेली जागा लगेच स्थानिक रोपांनी भरावी. पुढील दोन पावसाळे पुन्हा उगवलेली रोपे काढण्याचे मनुष्यबळ नसेल, तर छत्राला हातच लावू नये. मोकळ्या जागी अति चराई झाली की टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, तो माजतो. त्याची दाटी दिसणे म्हणजे त्या जागेवर भार अधिक झाल्याचे चिन्ह होय.

धान्य किंवा चंदी टाकण्याची सवय सर्वथा सोडावी. पाल्यावर जगणाऱ्या हरणाने एकाएकी पोटभर धान्य खाल्ल्यास पोटात आम्ल साचते आणि ते दगावते. एकाच ढिगावर अनेक तोंडे आल्याने रोगही पसरतात.

जागा कोठे निवडावी, यालाही महत्त्व आहे. चाऱ्याचा तुकडा वनाच्या कडेला असला तर हरणे शेताच्या बांधापर्यंत येतात आणि त्यांच्या मागे गावातील कुत्री लागतात. तो आत, पाणवठ्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी असावा. अगदी पाणवठ्यावर मात्र नको, कारण तेथे आधीच खुरांनी जमीन तुडवलेली असते. एका मोठ्या तुकड्यापेक्षा विखुरलेले अनेक लहान तुकडे बरे.

चारा वाढला की हरणे वाढतात, आणि हरणे वाढली की वन घटू शकते. अंदमान बेटांवर इंग्रजी अमदानीत चितळे सोडण्यात आली. तेथे त्यांना खाणारा वाघ-बिबट्या नव्हता, आणि तेथील वनात आज नवी रोपे वर येण्यास अडचण होते. पूर्व अमेरिकेतील पुष्कळ वनांतही पांढऱ्या शेपटीच्या हरणांनी कोवळी झाडे व रानफुले संपवीत आणली आहेत. तेथे हरणांची चणचण नसताना चारा पेरला जातो, याचे नवल वाटते. म्हणून काम सुरू करताना तीन मीटर लांब-रुंद असे दोन चौरस आखावेत. एकाभोवती हरणांना ओलांडता येणार नाही असे काटेरी कुंपण घालावे, दुसरा उघडा ठेवावा. दोन पावसाळ्यांनंतर दोन्हींतील हातभर उंचीची रोपे जातवार मोजावीत. कुंपणात आणि बाहेर संख्या जवळपास सारखी आली तर छाटणी व लागवड पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही. बाहेर जवळजवळ काहीच नसेल आणि आत दाटी असेल, तर त्या वनाला आणखी चाऱ्याची आवश्यकता नाही. तेथे नव्या रोपांना बोरीच्या काट्यांचे आळे करून, ती दोन मीटर उंच होईपर्यंत हरणांपासूनच जपावे लागेल.